पीएच.डी. डेटा सायन्सची की शिक्षणाची?

सप्रेम नमस्कार.

आपण कुर्ल्यातील महापालिका शाळेत शिक्षक आहात आणि आपली कन्या एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. शैक्षणिक डेटा सायन्समध्ये, म्हणजे शिक्षणविषयक माहितीच्या संगणकीय विश्लेषणात, तेही विषमतेच्या प्रश्नावर, पीएच.डी. करण्यासाठी तिने ऑनलाइन शिकवणी कंपनीतील नोकरी नाकारावी का आणि प्रवेश कोठे घ्यावा, असे आपण विचारले आहे.

तिला स्वतःचा प्रश्न सापडला असेल, तर जरूर जावे. ‘डेटाच्या साहाय्याने विषमता कमी करणे’ हा मात्र संशोधनाचा प्रश्न नव्हे. मुंबई महापालिकेच्या मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ अशा निरनिराळ्या माध्यमांच्या शाळांतून आठवीनंतर मुले कोठे जातात आणि गळतीचा अंदाज आधी वर्तवणारे गणिती प्रारूप (मॉडेल) कोणत्या माध्यमाच्या मुलांबाबत अधिक चुकते, हा प्रश्न होऊ शकतो.

इंग्लंडमध्ये 2020 साली कोविडमुळे परीक्षा रद्द झाल्यावर ए-लेव्हलच्या, म्हणजे शालान्त परीक्षेच्या, श्रेणी एका गणिती सूत्राने ठरवल्या गेल्या. त्यात शाळेच्या मागील निकालांना मोठे वजन होते, तर अगदी लहान वर्गांत शिक्षकांचा अंदाज कायम ठेवला जात होता; असे लहान वर्ग खासगी शाळांत अधिक असल्याने लाभ तिकडे गेला. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे 40 टक्के खाली आल्या आणि चार दिवसांत ती पद्धत मागे घ्यावी लागली. तेथे गणित कच्चे नव्हते. कोणाची शाळा कशी असते, याचा विचार अपुरा होता. म्हणूनच तिचा मार्गदर्शक शिक्षण जाणणारा असावा, असा माझा आग्रह आहे.

आपल्याकडील माहितीचे दोषही तिने प्रवेशापूर्वीच पाहावेत. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीसंग्रहात 2022-23 पासून विद्यार्थीनिहाय नोंद होते, परंतु ज्याचे नाव कोणत्याच शाळेत नाही, त्याची ओळच तेथे नसते. 2005 पासून होणारे ‘असर’ हे मुलांच्या शिक्षणाचे सर्वेक्षण घरोघरी जात असल्याने अशी मुले त्यात दिसतात, पण ते ग्रामीण भागापुरते असल्याने गोवंडीची वस्ती त्यात येत नाही. संशोधनाला खरी जागा या फटीत आहे. शिवाय यूडायसचे रकाने शाळेत कोणत्या घाईत भरले जातात, हे तिला घरीच विचारता येईल. ते कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

पवईच्या आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञानाची पीएच.डी. आहे, देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिक्षणाच्या समाजशास्त्रीय बाजूवर भर आहे आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञान व गणित शिक्षणावर संशोधन होते. संस्थेच्या नावावर न जाता मार्गदर्शकाचे अलीकडचे शोधनिबंध वाचावेत आणि दुसऱ्या विषयातील सहमार्गदर्शक मिळेल का, हे आधीच विचारावे. विद्यार्थीनिहाय माहिती कोण व कोणत्या अटींवर देणार, हेही प्रवेशापूर्वी स्पष्ट करून घ्यावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 नुसार 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी सर्वसाधारणपणे पालकांची संमती लागते आणि संशोधनाची सवलतही अटींसह आहे. या एका गोष्टीत वर्ष सहज निघून जाते.

खर्चाचे म्हणाल, तर संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीने सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा गणितीय विज्ञानात द्यावी. त्यातून मिळणारी कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये असून पुढे ज्येष्ठ संशोधन छात्रवृत्ती झाल्यावर ती 42,000 होते. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षे आहे, पण आपण पाच धरून चालावे. ती घरी राहणार, हा मुंबईत लहान लाभ नव्हे.

नोकरी वर्ष-दोन वर्षे करून मग ती संशोधनाकडे वळली, तरी काही बिघडणार नाही. फक्त तेथे हाती येणारी माहिती बहुतांशी फी भरू शकणाऱ्या घरांतील असेल, याचे भान तिने ठेवावे. अर्जापूर्वी तिला एक पान लिहायला सांगा: प्रश्न कोणता, माहिती कोणाची आणि त्यातून कोण सुटले आहे. ते पान जमले, तर अर्ज याच वर्षी करावा. अडले, तर नोकरी स्वीकारून ते पुढच्या वर्षी पुन्हा लिहावे.