क्वेकर बाई नाचायला जाते, देवाबद्दल शंकाही घेते. मग ती धार्मिक कशी?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडात शिकणाऱ्या तुमच्या बहिणीची घरमालकीण क्वेकर, म्हणजे एका ख्रिस्ती पंथातली आहे. शनिवारी नाचायला जाते, रविवारी मीटिंगला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनासभेला जाऊन तासभर गप्प बसते आणि देव आहे का विचारलं तर "नक्की सांगता येत नाही" म्हणते. "असल्या बाईला कसला आलाय धर्म?" हे तुमचं वाक्य वाचून माझा चहा गार झाला. हेच वाक्य मी आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या तोंडून ऐकलंय, माझ्याबद्दल.

बर्मिंगहॅमला मी दोन वर्षं अशाच एका बाईंकडे भाड्याने राहिले. वय सत्त्याहत्तर, गुडघा बदललेला, तरी गुरुवारचा लोकनृत्याचा क्लब चुकायचा नाही. एकदा मला मीटिंगला घेऊन गेल्या. गोलात खुर्च्या, मधल्या टेबलावर फुलं, दोन-चार पुस्तकं. पाद्री नाही, भजन नाही. ज्याला आतून वाटेल त्याने उठून बोलायचं. चाळीस मिनिटं कुणीच उठेना, आणि माझ्या पोटातले कावळे अख्ख्या खोलीला ऐकू गेले. मग एक आजोबा उठले, काल दवाखान्यात बायकोचे हात फार गार लागले एवढंच बोलले आणि खाली बसले. शेवटी दोघांनी हात मिळवले, की संपलं. मग चहा-बिस्किटं.

परत येताना मी विचारलं, तुम्ही प्रार्थना करता ती कुणाची? बाई पर्समध्ये हातमोजा शोधत होत्या. म्हणाल्या, "नवरा गेल्यापासून कुणी ऐकतंय असं वाटत नाही. पण रविवार चुकला की आठवडाभर मी लोकांशी तुसडेपणाने वागते."

मला हा धर्म कळतो.

आणि ही ओढाताण आजची नाही. १७९८ च्या फेब्रुवारीत क्वेकर घरातली सतरा वर्षांची एलिझाबेथ गर्नी इंग्लंडातल्या नॉर्विचच्या मीटिंगला लाल नाड्यांचे जांभळे बूट घालून गेली होती. अमेरिकेहून आलेल्या विल्यम सॅव्हरी या क्वेकर प्रवचनकाराचं बोलणं ऐकून घरी जाताना गाडीत रडली. तरी पुढे लंडनला जाऊन नाटकं, नाच सगळं केलंच. आणि आपलं हे चाललंय ते बरं की वाईट, याचा हिशेब डायरीत मांडत बसली. मग नाच सोडला, साधे कपडे घातले, तेही बहिणींना आवडत नसताना. तीच पुढे लंडनच्या न्यूगेट तुरुंगातल्या बायकांसाठी झटणारी एलिझाबेथ फ्राय; २००२ ते २०१७ पाच पौंडांच्या नोटेवर होती. सोडायचं काय ते तिने स्वतः ठरवलं. जावेने फोन करून नव्हे.

आमच्या सासूबाई गेल्या त्याला नववा महिना होता. मैत्रिणीच्या मुलीच्या संगीतात मी नाचले आणि तो फोटो सांगलीला जाऊबाईंपर्यंत पोचला. "वर्षसुद्धा सरलं नाही, लाज कशी वाटत नाही?" ज्या बाईला हे विचारलं, तिने शेवटचे सहा आठवडे बिनपगारी रजा काढून सासूबाईंचं अंग पुसलं होतं. विचारणारीने वर्षश्राद्धाला बावीस पानं उठवली. धार्मिक कोण, ते तुम्हीच ठरवा.

हां, क्वेकर काही फार उदार होते अशातला भाग नाही. समाजाबाहेर लग्न केलं की पूर्वी काढून टाकायचे. फ्रायबाईंच्या नवऱ्याची बँक १८२८ मध्ये बुडाली, तर त्यालाही काढलं. शिवाय मी सांगतेय ते ब्रिटनमधलं. केनियात क्वेकर सगळ्यात जास्त, आणि तिथे पाद्रीही असतात, गाणीही होतात.

बहिणीला म्हणावं, एकदा जाऊन ये, पण खाऊन जा.

आणि जाऊबाई, वाचत असाल तर, त्या फोटोतली हिरवी साडी सासूबाईंचीच. "नेसत जा गं, कपाटात कसर लागते," म्हणून त्यांनीच दिलेली.