वाचकांचे प्रश्न : क्रीडा सभागृहातील जुनी शीतयंत्रणा

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. आमच्या भागातील सार्वजनिक बॅडमिंटन हॉलमधला चाळीस टनांचा वातानुकूलन संच आता अठरा वर्षांचा झाला आहे. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो आणि ऐन मे महिन्यात दुपारी तो पुन्हा बंद पडतो. समितीतील काहींना तेवढ्याच टनांचा नवा संच हवा आहे, तर काहींच्या मते सोलापूरच्या कोरड्या हवेत मोठे कूलर पुरेसे आहेत. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. संचातील गॅस बंद नळ्यांतून फिरतो आणि वापराने संपत नाही. तो दरवर्षी भरावा लागतो, म्हणजे कुठेतरी गळती आहे. एवढ्या जुन्या संचात बहुधा आर-२२ असतो. ओझोनच्या थराला अपाय करणारा आणि कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट तापमानवाढ करणारा हा वायू नवी उपकरणे बनवताना वापरणे आपल्या देशात १ जानेवारी २०२५ पासून बंद झाले आहे. दुरुस्तीसाठीही तो उत्तरोत्तर दुर्मिळ होत जाणार. त्याच्या जागी आर-४१०ए हा दुसरा शीतक वायू भरता येत नाही, कारण आर-४१०एचा दाब दीडपटीहून अधिक असतो आणि जुना कॉम्प्रेसर व नळ्या त्यासाठी बनवलेल्या नसतात. त्यामुळे दुरुस्तीवर आणखी पैसा घालू नये, असेच माझे स्पष्ट मत आहे. मात्र जुना संच काढताना उरलेला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये परत भरून घेण्याची अट निविदेत अवश्य घालावी.

नवा संच किती टनांचा हवा, हे जुन्या संचावरची पाटी वाचून ठरवणे ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक ठरेल. एकमजली हॉलमध्ये उन्हाळ्यातील उष्णतेचा मोठा वाटा पत्र्याच्या छतातून येतो; बाहेर ४२ अंश असताना उन्हातला पत्रा ६० अंशांच्याही पुढे तापतो. म्हणून आधी छताला पांढरा परावर्तक लेप द्यावा, खालून उष्णतारोधक थर बसवावा, पश्चिमेकडच्या खिडक्यांना सावली करावी आणि मगच अभियंत्याकडून उष्णताभाराची, म्हणजे हॉलमधून किती उष्णता बाहेर काढावी लागेल याची, नव्याने मोजणी करून घ्यावी. आकडा चाळीसपेक्षा कमी येण्याची शक्यता मोठी आहे. जो येईल तोही एकाच यंत्रात न घेता दोन-तीन स्वतंत्र संचांत विभागावा, म्हणजे एक बंद पडला तरी खेळ थांबणार नाही आणि सकाळी खेळाडू मोजके असताना सगळी यंत्रे चालवावी लागणार नाहीत.

कूलरचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर हवा २८ अंशांच्या आसपास आणू शकतो. पावसाळ्यात मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय चाळीस टनांइतका गारवा बाष्पीभवनातून मिळवायचा, तर दर तासाला किमान दोनशे लिटर पाणी उडून जाते, आणि ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तेथे हा हिशेब दुर्लक्षून चालणार नाही. तरीही माझा मुख्य आक्षेप खेळाच्या बाजूने आहे. कूलर गारवा देतो तो भरपूर हवा आत फेकून आणि तेवढीच बाहेर जाऊ देऊन. पिसांच्या शटलचे वजन असते ४.७४ ते ५.५० ग्रॅम; एवढ्या झोतात ते बेसलाइनच्या आत पडेल की बाहेर, याचा अंदाज मुरलेल्या खेळाडूलाही येत नाही. व्यायामशाळेला कूलर जरूर बसवावेत, कोर्टांना नकोत.

हीच काळजी नव्या संचाबाबतही घ्यावी. गार हवा कोर्टावर थेट येऊ नये. ती कोर्टांच्या कडेने, उंचावरून, कापडी डक्टच्या बारीक छिद्रांतून संथपणे उतरावी. काम ताब्यात घेण्यापूर्वी सर्व यंत्रे चालू ठेवून खेळाडूंना प्रत्येक कोर्टाच्या दोन्ही टोकांकडून शटल मारून पाहू द्यावे, आणि ही चाचणी समाधानकारक झाल्यावरच शेवटचे देयक अदा करावे.

निविदा केवळ सर्वांत कमी किमतीवर देऊ नये. चाळीस टन म्हणजे सुमारे १४० किलोवॅट गारवा. जुने यंत्र एका युनिट विजेत अडीच युनिट गारवा देत असेल, तर पूर्ण भारावर तासाला ५६ युनिट लागतात. साडेतीन युनिट देणाऱ्या नव्या यंत्राला ४० पुरतात. दिवसाकाठी दहा तास धरले, तर हा फरक १६० युनिटांचा होतो. म्हणून खरेदीची किंमत, दहा वर्षांचे वीजबिल आणि देखभाल करार यांची बेरीज करूनच देकार तपासावेत. तो पैसा करदात्यांचा आहे आणि हॉलचे शुल्क परवडत नाही म्हणून ज्या मुलांचा खेळ सुटतो, त्यांच्यासाठी तो वाचवणे अगत्याचे आहे.

प्रश्न : जलतरण तलावाच्या न्हाणीघरातील जुने विजेचे गीझर बदलायचे आहेत. सोलर बसवावा का?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : अवश्य बसवावा. सपाट पत्र्याच्या प्रकारात रोजच्या १०० लिटर गरम पाण्यासाठी साधारण दोन चौरस मीटर संग्राहक (ऊन शोषून पाणी तापवणारा भाग) लागतो. पाणी बोअरचे असेल, तर क्षारांनी नळ्या बुजतात. अशा वेळी उष्णता-विनिमयक असलेला संच घ्यावा, म्हणजे बोअरचे पाणी संग्राहकाच्या नळ्यांत न जाता वेगळे राहूनच तापते. ढगाळ दिवसांसाठी एक विजेचा गीझर राखून ठेवावा.