ताई, देव नेमकं काय म्हणतोय?

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर तीन पत्रं जवळजवळ एकाच दुखण्याची निघाली, म्हणून बाकीची (सासूबाई आणि क्वायरच्या साड्यांचं ते लांबलचक पत्र धरून) पुढच्या अंकात घेते. नावं नेहमीप्रमाणे काढलीत, पत्रं थोडी छाटलीत.

प्रश्न: जय ख्रिस्त ताई. मी 26 वर्षांची, मूळ अहिल्यानगर जिल्ह्यातली, सध्या पुण्यात एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. जर्मनीला जायची संधी आहे, वर्षभर भाषेचा क्लास करतेय. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनाचं कार्ड (बायबलमधली एक ओळ लिहिलेलं) काढलं तर "मी तुझ्यापुढे चालेन" आलं, मला वाटलं झालं, देवाने हो म्हटलं. मग मार्चमध्ये उपवास प्रार्थनेला बाहेरून आलेल्या एका सेवकांनी (प्रवचन करणाऱ्यांनी) डोक्यावर हात ठेवून सांगितलं की मुली पाणी ओलांडू नकोस. मी घाबरले. मग मीच देवाला म्हटलं की जर्मनची बी-वनची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले तर जायचं, तर वाचणं ऐकणं लिहिणं तिन्ही पास आणि बोलण्याचं मोड्यूल राहिलं! आता हे हो समजू की नाही? गावी आई एकटी असते, भाऊ नाशिकला. देव नेमकं काय म्हणतोय तेच कळत नाही.

उत्तर: अगं, तीन मोड्यूल पास आणि एक राहिलं याचा अर्थ बोलण्याची प्रॅक्टिस कमी पडली, एवढाच! ते एक मोड्यूल पुन्हा देता येतं, ते देऊन टाक. हसतेय म्हणून रागावू नकोस, पण तुझ्या पत्रात देवाला विचारलेले प्रश्न तीन आहेत आणि तिन्ही वेळा तू उत्तर असं मागितलंस की तुला स्वतःला काही ठरवावं लागू नये. कोकणात देवळात कौल लावतात, दगडाला फूल चिकटवायचं, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही, आणि आपली मंडळी त्याला नावं ठेवते. मग वर्षअखेरीला ट्रेमधून कार्ड उचलून नोकरी, लग्न, फ्लॅट सगळं ठरवतो तेव्हा आपण वेगळं काय करतो ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. कार्ड वाईट नाही हं, माझ्याही फ्रिजवर आहे. पण तुझं ते वचन बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातलं, 45 व्या अध्यायातलं असणार, तिथे देव कोणाशी बोलतोय ते बघ. कोरेश. पारसाचा राजा, ज्याला देव माहीतसुद्धा नव्हता, असं त्याच अध्यायात लिहिलंय. बाबेलात अडकलेल्या लोकांना सोडवायला देव त्याला वापरून घेतोय. त्यातून देव कसा आहे हे तुला नक्की कळतं आणि धीरही येतो, पण त्यात जर्मनीचा व्हिसा नाही, आणि नाकारलेलाही नाही.

परीक्षेची अट घालून गिदोनाची लोकर पण तू वापरलीस (नुसत्या लोकरीवर दव पडलं तर देवाचं हो समजेन, ही त्याची अट), म्हणून सांगते. शास्ते 6 पुन्हा वाच. गिदोनाला काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं, लोकर त्याने ठेवली ती भीतीपोटी, आणि दुसऱ्यांदा मागताना तर रागावू नकोस म्हणून आधीच गयावया करतो. देवाने सांभाळून घेतलं हा देवाचा चांगुलपणा झाला, पण ती निर्णय घेण्याची पद्धत म्हणून आपल्याला शिकवलेली नाही.

आता त्या सेवकांचं. त्यांचा हेतू वाईटच असेल असं मी म्हणत नाही, ते तुला ओळखतही नाहीत म्हणा. पण 1 राजे 13 मधली गोष्ट आपल्याकडे प्रवचनात फारशी येत नाही, यायला हवी. यहूदातून एक देवमाणूस बेथेलला येतो, त्याला देवाने सांगितलेलं असतं की तिथे काही खायचं नाही, प्यायचं नाही, आल्या वाटेने परतायचं नाही. तिथला एक म्हातारा संदेष्टा त्याला गाठतो आणि म्हणतो, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितलंय तुला घरी जेवायला आण. खोटं बोलला. हा गेला, जेवला, आणि परतताना वाटेत सिंहाने त्याला मारलं. भयंकर गोष्ट आहे, पण मुद्दा उघड आहे की समोरचा वयाने मोठा आहे, सेवक आहे, देवाचं नाव घेतोय, एवढ्यावर त्याचं ऐकायचं नसतं. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला सांगितलं ते संदेशांना तुच्छ मानू नका आणि सगळं पारखून घ्या, दोन्ही एकाच दमात. म्हणून त्या सेवकांचं वाक्य फेकून देऊ नकोस, पण घाबरूनही बसू नकोस, तुला वर्षानुवर्षं ओळखणारे तुझे पाळकसाहेब, आई, एखादी सीनियर सिस्टर यांच्यापुढे ते ठेव. ज्या माणसाला तुझी आई गावी एकटी असते हे माहीत नाही त्याने दोन मिनिटांत तुझं आयुष्य ठरवावं हे मला तरी पटत नाही.

मग देव चालवतो कसा? प्रेषितांची कृत्ये 16 घे. पौल आणि बरोबरचे आशिया प्रांतात जायचं म्हणतात, अडवले जातात, बिथुनियात जायचं म्हणतात, पुन्हा अडवले जातात, म्हणजे दोन प्लॅन फसले. मग त्रोवसात रात्री दृष्टान्त, मासेदोनियाचा एक माणूस बोलावतोय. एवढा दृष्टान्त होऊनसुद्धा त्यांनी मिळून विचार केला, अनुमान काढलं, मग निघाले. आणि फिलिप्पैला पोचल्यावर तो माणूस काही भेटला नाही, नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायका भेटल्या, त्यातली लुदिया विश्वासात आली, आणि थोड्याच दिवसांत पौल आणि सीला फटके खाऊन तुरुंगात! रस्ता बरोबर असला की सगळं स्मूथ होतं असं आपण समजतो ना, ते या अध्यायाला मान्य नाही. उलट योनाला बघ, देवापासून पळायला याफोला गेला तर तार्शीशला जाणारं जहाज बंदरात तयार, भाड्याचे पैसेही खिशात. दार उघडं दिसलं म्हणजे ते देवानेच उघडलं असं धरायचं तर योनाची साक्ष पहिली व्हायला हवी.

तुझ्याच जिल्ह्यातलं सांगते. डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. बरी होऊन गेलेली माणसं त्याच त्या आजारांनी परत येतात, आणि बरेचसे आजार मुळात टाळता येण्यासारखे आहेत, हे त्यांना रोज दिसत होतं. ते दिसलेलं त्यांनी गंभीरपणे घेतलं, अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकले, परत आले आणि 1970 साली जामखेडला काम सुरू केलं, तेही तिथल्या लोकांशी बोलून, त्यांना हवंय का ते बघून. प्रार्थना करणारी माणसं होती ती, पण दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये काय दिसतंय हेही त्यांनी देवापुढे ठेवलं. (हे मी तू इथेच थांबावंस म्हणून सांगत नाहीये. ते स्वतः परदेशी जाऊन आले.)

तर तुझ्या रजिस्टरमध्ये काय दिसतंय? नर्सिंग चांगलं काम आहे, पुण्यातही आणि जर्मनीतही, यात कुठलीच आज्ञा मोडत नाही. म्हणजे दोन्ही रस्ते तुला मोकळे असू शकतात, हे आपल्याला ऐकायला अवघड जातं. विधवेने पुन्हा लग्न कोणाशी करावं याबद्दल पौल 1 करिंथ 7 मध्ये म्हणतो, तिच्या इच्छेला येईल त्याच्याशी, फक्त प्रभूमध्ये. एवढ्या मोठ्या गोष्टीत देव तिच्या इच्छेवर सोडतो! स्पष्ट आज्ञा तुझ्यासाठी एकच दिसते, आईचा मान आणि आईची काळजी. ती इथे राहून टाळता येते आणि तिकडे जाऊन पाळताही येते. म्हणून आईशी बोल, घाबरत नाही, हिशेब मांडून, भावालाही बसव, आजारी पडली तर कोण धावणार हे नावानिशी ठरवा. आणि कॉन्ट्रॅक्ट वाच. नर्स म्हणून पूर्ण मान्यतेला साधारण बी-टू लेव्हल लागते, तोपर्यंत बहुतेकांना मदतनीस म्हणून कमी पगारावर काम करावं लागतं, तो पगार किती ते विचार. मध्येच सोडलं तर कोर्सचे पैसे परत मागणार का, एजंट तुझ्याकडूनच लाखभर उकळतोय का. तिकडे गेलेल्या दोघी-तिघींशी फोनवर बोल. हे सगळं अविश्वासाचं नाही गं. यरुशलेमचा पडलेला कोट बांधायचा म्हणून नहेम्या चारेक महिने रडला, उपवास केला, आणि राजाने विचारल्यावर लाकूड कशाकशाला लागेल, पत्रं कोणाकोणाची हवीत, किती दिवसांत परत येईन, सगळं त्याच्याकडे तयार होतं. मग ठरव. ठरवल्यावर पुन्हा कार्ड काढू नकोस.

प्रश्न: ताई, माझे मिस्टर कंपनीत पर्मनंट आहेत, 14 वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका कन्व्हेन्शनहून आले आणि म्हणाले देवाने मला पूर्णवेळ सेवेला बोलावलंय, राजीनामा देतोय. घराचा हप्ता आहे, मुलगी नववीत. मी विचारलं की पैशांचं काय तर म्हणाले तू लोटाच्या बायकोसारखी मागे बघतेस. मंडळीतल्या बायका पण म्हणतात नवऱ्याला अडवू नकोस, पाप लागेल. मी खरंच देवाच्या आड येतेय का?

उत्तर: नाही. तुम्ही प्रश्न विचारताय, आणि तो विचारायलाच हवा होता.

लोटाच्या बायकोचं (सदोमातून पळताना मागे बघितलं आणि मिठाचा खांब झाली ती) नाव घेऊन बायकोला गप्प करणं मी इतक्यांदा ऐकलंय की आता चीडच येते. देवाने मला सांगितलं असं म्हटलं की समोरच्याला बोलायला जागाच राहत नाही, बोललात की तुम्ही थेट देवाशीच भांडताय. हे वाक्य घरात वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, फार तर मला असं वाटतंय की देव बोलावतोय, तू काय म्हणतेस, एवढं म्हणावं.

आपल्या मराठी मंडळीत यापेक्षा मोठं उदाहरण नाही. कवी ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थांनी त्यांना नवा करार दिला, पुढे वाचन, झगडा, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा. टिळकांना देवाने बोलावलं याबद्दल आपल्यात कोणाला शंका नाही. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ते बोलावणं आलेलं नव्हतं! त्या माहेरच्यांकडे, नातेवाइकांकडे राहिल्या, रडल्या, रागावल्या, मग टिळकांकडे परत आल्या तेव्हाही सोवळंओवळं सांभाळून राहिल्या, आणि काही वर्षांनी स्वतःच्या मनाने, स्वतःला पटल्यावर बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा अनुभव बायकोच्या गळी उतरवून तो तिचा होत नाही. आणि त्या वर्षांत जे तिने सोसलं ते टिळकांच्या बाप्तिस्म्याच्या गोष्टीत आपण भर्रकन सांगून पुढे जातो हेही खरं.

तुमच्या मिस्टरांना (हे पान त्यांच्या समोर उघडं ठेवा, चालेल मला) दोन ठिकाणं वाचायला सांगा. एक, मार्क 7, तिथे लोक आईबापांना देण्याचे पैसे कुर्बान म्हणजे देवाला वाहिलेले असं सांगून हात झटकत होते आणि येशूने त्यांना चांगलंच झापलं. घरच्यांच्या हक्काचं काढून देवाला दिलं तर देव खूश होतो असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. दुसरं, कृत्ये 18, पौल करिंथात तंबू शिवतो आणि शब्बाथाला सभास्थानात वाद घालतो. पौलासारखा पौल हाताने काम करून सेवा करत होता तर कंपनीतली नोकरी ठेवून रविवार, सुट्ट्या, संध्याकाळी सेवा करायला काय हरकत आहे? हप्ता किती उरलाय, मुलीच्या दहावी-बारावीला किती लागेल, पीएफ किती, हे एका कागदावर लिहा. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा असं येशूच म्हणतो. वर्षभर अशी सेवा करून बघा, मंडळीतले वडील काय म्हणतात ते ऐका, कोणी त्यांना सेवेसाठी बोलावतंय का तेही बघा, कारण ज्याला फक्त स्वतःलाच आपलं पाचारण ऐकू येतं त्याने जरा थांबलेलं बरं. खरं असेल तर वर्षभरात विझणार नाही.

आणि तुम्हीही एक करा. पैशांची भीती वेगळी आणि त्यांनी सेवा करूच नये ही इच्छा वेगळी, तुमच्या मनात नेमकं कुठलं आहे ते स्वतःशी प्रामाणिकपणे बघा. दुसरं असेल तर तेही बोलायला हवं, हप्त्याच्या आडून नको.

प्रश्न: मी एफवायला आहे. युवक संघात सगळे साक्ष देतात की देव माझ्याशी बोलला. माझ्याशी कधीच बोलला नाही. मी प्रार्थना करतो, चर्चला जातो, गिटार पण वाजवतो. माझ्यात काही प्रॉब्लेम आहे का?

उत्तर: काही प्रॉब्लेम नाही रे. एस्तेरचं पुस्तक पूर्ण वाच, दहाच अध्याय आहेत, आणि त्यात देवाचं नाव शोध. मिळणार नाही. ना स्वप्न, ना दृष्टान्त, ना वाणी. तिला वाढवणारा मर्दखयसुद्धा एस्तेरला छातीठोकपणे सांगत नाही की देवाने तुला याच कामासाठी राणी केलं, तो म्हणतो, कोणी सांगावं, कदाचित यासाठीच असेल. तेवढ्या कदाचितवर ती आपल्या लोकांना वाचवायला जीव धोक्यात घालून राजापुढे गेली. रूथचंही तसंच, ती बवाजाच्या शेतात गेली ती सहज, पोटासाठी सरवा वेचायला, आणि त्याच घराण्यात पुढे दावीद जन्मला, तिला त्या सकाळी काय माहीत.

साक्षीत लोक गोष्टीचा शेवट झाल्यावर बोलतात, त्यामुळे सगळं आधीपासून स्पष्ट होतं असं वाटतं. युवक संघात कोणाला तरी विचार की तेव्हा, त्या आठवड्यात, तुला नक्की काय माहीत होतं. गंमत येईल. आणि नाही ऐकू आलं ते नाही म्हणून सांगण्याची हिंमत केलीस त्याबद्दल तुझं कौतुक आहे, दुसऱ्यांसारखी साक्ष हवी म्हणून काहीतरी रचू नकोस. मार्कचं शुभवर्तमान रोज एक अध्याय घे, 16 आहेत, त्यात आज करण्यासारखं जे स्पष्ट दिसेल ते कर, आणि काय झालं ते मला कळव. गिटार चालू ठेव.