कंट्रोलर थरथरताच खेळ अडखळत असेल तर
प्लेस्टेशनचा जुना खेळ एम्युलेटरवर (म्हणजे प्लेस्टेशनची नक्कल करणाऱ्या संगणकावरील प्रोग्रॅमवर) चालवताना कंट्रोलर थरथरतो त्याच क्षणी चित्र अडखळत असेल, तर ग्राफिक्सच्या सेटिंग्जना हात लावण्यापूर्वी (नवखे नेमके तिथेच तासन्‌तास घालवतात) कंपन पूर्ण बंद करून तोच प्रसंग पुन्हा खेळून पाहा. परभणीच्या वैशाखात संगणक तापूनही वेग घटतो, मात्र तो कंपनाची वाट पाहत नाही. कंपन बंद करताच खेळ सुरळीत चालला, तर संशय ब्लूटूथवर घ्यावा, कारण कंपनाचे आदेश त्याच वायरलेस जोडणीवरून जातात आणि आदेश पाठवला जाईपर्यंत एम्युलेटर थांबून राहिला, तर पुढची फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे पुढचे चित्र, उशिरा येते. मग यूएसबी केबल जोडून पाहा. केबलने दोष गेला, तर ब्लूटूथ डोंगल (संगणकाच्या यूएसबीत लावायचे छोटे ब्लूटूथ उपकरण) छोट्या एक्स्टेंशन केबलवर, यूएसबी ३.० पोर्टपासून दूर लावा. त्या पोर्टमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत व्यत्यय येऊ शकतो. केबल लावूनही खेळ अडखळलाच, तर कंट्रोलरचा ड्रायव्हर (संगणकाला कंट्रोलर हाताळू देणारा प्रोग्रॅम) किंवा एम्युलेटरची आवृत्ती बदलून पाहावी.