टॉर्क बघू की हॉर्सपॉवर?

प्रश्न : मी वाईला राहतो आणि नोकरी पाचगणीत, म्हणजे रोज पसरणी घाट. मारुतीची फ्राँक्स घ्यायचं पक्कं झालंय, पण गाडी इंजिनवर अडलीय. १.२ लिटर पेट्रोलला ९० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवर) आणि ११३ एनएम (हा टॉर्क), १.० टर्बोला १०० पीएस आणि १४७ एनएम. वडील म्हणतात दहा हॉर्सपॉवरसाठी कशाला जास्त पैसे घालतोस, आणि मित्र म्हणतो पॉवर विसर, फक्त टॉर्क बघ. कोणाचं ऐकू?

उत्तर : अहो, दोघंही आकडा बघतायत आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं आरपीएम, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे फिरतं ते, कोणीच बघत नाहीये, खरी गोष्ट तिथं आहे. १.२ चे ९० पीएस मिळतात ६००० आरपीएमला आणि ११३ एनएम ४४०० ला. आता सांगा, ऑफिसला जाताना काटा ६००० ला कोण नेतं? आपण सगळे १५०० ते २५०० च्या मधे गाडी चालवतो. टर्बोचा, म्हणजे हवा दाबून आत घेणाऱ्या इंजिनचा, १४७ एनएम २००० ला येतो आणि ४५०० पर्यंत तसाच टिकतो.

टॉर्क आणि पॉवर या काही दोन वेगळ्या ताकदी नाहीत. चाकाचा नट खोलताना पान्याला जो पीळ देता तो टॉर्क, आणि तो पीळ किती वेगानं देत राहता ती पॉवर. हिशोब सोपा आहे, एनएम गुणिले आरपीएम, भागिले ७०२४, की पीएस आले. २००० आरपीएमला टर्बो देते ४२ पीएस. १.२ ला तिथं पूर्ण ११३ एनएम मिळाला असं धरलं (मिळत नाही) तरी ३२ च्या वर जात नाही. म्हणजे वडिलांना जो दहाचा फरक किरकोळ वाटतोय तो तुमच्या रोजच्या आरपीएमला जवळजवळ एक तृतीयांश होतो.

मित्राचं चुकतंय ते इथं, की इंजिनचा टॉर्क तसाच चाकाला जात नाही, गिअर तो वाढवून देतो. १.२ सुद्धा दुसऱ्या गिअरला ३५०० च्या वर ठेवली तर पसरणी व्यवस्थित चढते, फक्त आवाज करते आणि गिअर पाडायला आळस करून चालत नाही. आणि टर्बोलाही खड्डा आहे बरं का! हेअरपिनला (घाटातल्या उलट फिरणाऱ्या वळणाला) समोरून एसटी आली, तुम्ही थांबायच्या बेतात आलात आणि दुसऱ्यातच परत अॅक्सिलरेटर दाबला, तर काटा १५०० च्या खाली असतो, टर्बो अजून जागा झालेला नसतो, गाडी क्षणभर नुसती हुं हुं करते. तिथं मुकाट्यानं पहिला टाकायचा.

अजून एक, पाचगणी सुमारे १३०० मीटरवर आहे. तिथं हवा विरळ, साध्या इंजिनची दहा-बारा टक्के ताकद तशीच जाते. टर्बो हवा दाबून आत घेतो म्हणून त्याला हे फारसं जाणवत नाही. तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे, टर्बो घ्या. तेच फक्त वाईच्या बाजारात फिरायचं असतं तर १.२ घ्या म्हटलं असतं, चार सिलिंडरचं गुळगुळीत इंजिन आहे आणि रांगत चालायला जास्त सोयीचं. टेस्ट ड्राइव्ह मात्र सपाट रस्त्यावर घेऊ नका, चार माणसं बसवा, एसी लावा आणि घाटातच न्या म्हणावं.

प्रश्न : टाटा नेक्सॉन डिझेलला २६० एनएम, पेट्रोलला १७०. मग डिझेल दीडपट पळेल का? माझं रोज घर ते दुकान पाच किलोमीटर.

उत्तर : नाही पळणार. पॉवर बघा, डिझेल ११५ पीएस, पेट्रोल १२०. डिझेल इंजिन कमी आरपीएमला फिरतं म्हणून त्याचे गिअर लांब असतात, म्हणजे टॉर्क कमी वाढवून देतात, टॉर्कचा बराचसा फायदा तिथंच वजा होतो. ओव्हरटेकला गिअर न पाडता ती मस्त खेचते हे खरं, लांबच्या प्रवासाला तर सुखच आहे. पण रोज पाचच किलोमीटर असेल तर घेऊ नका, बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) डिझेलच्या सायलेन्सर लाइनमधला डीपीएफ फिल्टर स्वतःतली काजळी जाळायला चांगला तापावा लागतो आणि एवढ्याशा अंतरात तो तापतच नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि फिल्टर मोकळा करायला गाडी हायवेला पळवून आणावी लागते.