यॉर्कला दोन दिवस आहोत. फाउंटन्स ॲबीच्या पडक्या मठासाठी त्यातला एक दिवस द्यावा का?

द्यावा, आणि पूर्ण द्यावा. "नुसत्या भिंतीच उरल्यात ना?" असं तुम्ही विचारलंय. चर्चवर छप्पर नाही हे खरं, पण सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथातल्या साधूंचा मठ रोज कसा चालायचा, हे इथे हिंडताना जितकं उलगडतं तितकं मला दुसऱ्या कुठल्या मठात उलगडलं नाही.

११३२ साली यॉर्कच्याच सेंट मेरीज मठातले तेरा साधू तिथल्या ढिल्या शिस्तीला कंटाळून बाहेर पडले आणि स्केल नदीच्या या दरीत येऊन राहिले. थोड्याच वर्षांत ते सिस्टर्शियन पंथात गेले. साधं राहायचं, अंगमेहनत करायची, हा पंथाचा नेम. शेती आणि मेंढ्यांचा मोठा भार मात्र 'ले ब्रदर्स' म्हणजे श्रमाचं व्रत घेतलेल्या, बहुतेक निरक्षर बंधूंवर होता. त्यांच्या मेंढ्यांच्या लोकरीवर मठ गबर झाला.

म्हणून माझा आग्रह आहे की आधी या बंधूंची जागा बघा. पश्चिमेकडचं सेलॅरियम, म्हणजे कोठाराची इमारत, नव्वद मीटरच्या आसपास लांब आहे आणि त्याचं दगडी छत अजून शाबूत आहे. खांबांच्या माथ्यावर कसलंही नक्षीकाम नाही. कमानींच्या फासळ्या खांबातूनच माडाच्या झावळ्यांसारख्या फुटतात. खाली कोठार आणि जेवणघर, वर निजायची जागा, आणि शौचकूप थेट नदीवर. मग शेकोटीची खोली बघा. तिथल्या चुली माणूस आत उभा राहील एवढ्या आहेत.

चर्च त्यानंतर. उत्तरेचा सुमारे पन्नास मीटर उंच मनोरा मठाधिपती मार्मड्यूक ह्यूबी यांच्या काळातला, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा. पंथाला सुरुवातीला असे दगडी मनोरे वर्ज्य होते, त्यामुळे तो बघताना मन थोडं खट्टू होतं. पुढे १५३९मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ बंद झाला, छपरावरचं शिसं काढून नेलं आणि पावसाला वाट मोकळी झाली.

यॉर्कहून रेल्वेने हॅरोगेट, तिथून ३६ नंबरच्या बसने रिपन आणि पुढे टॅक्सी करा. रिपनला रेल्वे स्टेशन नाही. मठाला लागूनच असलेल्या स्टडली रॉयलची अठराव्या शतकातली जलउद्यानं याच तिकिटात येतात. चालणं बरंच आहे आणि दरीत ओल असते, तेव्हा बूट चांगले घाला.