वरकस जमिनीत ‘पेट्रोलचं झाड’ लावावं का?

प्रश्न: मी परळला राहतो, गाव महाड तालुक्यात. दोन एकर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, पडीक आहे. एक एजंट म्हणतो, शेर (कुंपणाला लावतात ते चिकाचं झाड) लावा, त्याच्या चिकापासून पेट्रोल निघतं. रोपं आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलू. काय करावं?

उत्तर: रोपांचे पैसे आगाऊ भरू नका.

एजंटचं सगळंच बोलणं खोटं नाही, आणि म्हणूनच माणूस फसतो. शेर, थोर, रुई यांच्या चिकात हायड्रोकार्बन, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनचे रेणू, खरोखरच असतात. खनिज तेलही त्याच जातीच्या रेणूंचं बनलेलं आहे. 1961 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलेले मेल्विन कॅल्विन यांनी सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईत शेराच्या कुळातल्या झाडांपासून इंधन काढायची कल्पना मांडली होती. अमेरिकेत लागवडी करूनही पाहिल्या. घोडं अडलं ते खर्चापाशी. हिरवं झाड बहुतांश पाणीच असतं. ते कापायचं, वाळवायचं, सॉल्व्हंटनं (विरघळवणाऱ्या द्रवानं) अर्क काढायचा आणि तो पुन्हा शुद्ध करायचा. खनिज तेल स्वस्त झालं तशी ही कल्पना मागे पडली. माहूलच्या रिफायनरीत शेराचा चीक घेऊन कोणी जात नाही. एजंटला विचारा: कारखाना कुठे आहे, आज चालू आहे का, किलोला दर काय, माल उचलला नाही तर भरपाई कोण देणार? उत्तरं स्टँपपेपरवर मिळत नसतील तर विषय तिथेच संपवा.

चिकातला एकच हायड्रोकार्बन आपल्या राज्यात रोख पैसे देतो, तो म्हणजे रबर. दोडामार्ग-सावंतवाडीकडे त्याचे मळे आहेत. पहाटे सालीवर तिरकी चीर पाडतात, चीक वाटीत ठिबकतो. तो ॲसिडनं गोठवून रोलरमधून काढला की शीट तयार होते. चिकात साधारण 30 ते 40 टक्के रबर असतं. पण पहिली चीर पाडायला सहा-सात वर्षं थांबावं लागतं, आणि त्यानंतर झाडापाशी रोज पहाटे कसबी माणूस लागतो. गावात राहणारा भाऊबंद हे करणार असेल तरच विचार करा. मुंबईत बसून ते जमणार नाही.

प्रश्न: बांधावर जुने करंज आहेत. त्यांचं तेल डिझेल पंपात चालेल का?

उत्तर: थेट ओतू नका. करंजेल डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट असतं. इंजेक्टर चोंदतो, आत काजळी साठते आणि दुरुस्तीचा खर्च डिझेलच्या बचतीला गिळून टाकतो. त्याचं बायोडिझेल होतं, पण त्याला मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा लागतो. मिथेनॉल विषारी आहे आणि चटकन पेटतं. परसात हा उद्योग कृपा करून करू नका.

बिया मात्र वाया घालवू नका, हे मी मनापासून सांगतो. उन्हाळ्यात चपट्या तपकिरी शेंगा झाडाखाली पडतात. त्या आपोआप उकलत नाहीत. उन्हात कडक वाळवून लाकडी मोगरीनं ठोकल्या की लालसर बी निघतं. शंभर किलो बियांचं एक्स्पेलरवर (तेल गाळायच्या यंत्रावर) साधारण पाव हिश्श्याएवढं तेल निघतं, बाकीची पेंड. तेल साबणाला आणि कीडनियंत्रणाला जातं. पेंडीत नत्र भरपूर असतं, ती तुमच्याच आंब्या-नारळाच्या आळ्यात घाला. गुरांना घालू नका, ती कडू आणि बाधक असते. नवी लागवड न करता, आहे त्या झाडांतून मिळणारा हा पैसा मला सर्वांत खात्रीचा वाटतो.

प्रश्न: मोगली एरंडावर (जट्रोफावर) विमान उडालं म्हणे. मग तो लावायला काय हरकत?

उत्तर: उडालं हे खरं आहे. ऑगस्ट 2018 मध्ये डेहराडूनहून दिल्लीला गेलेल्या विमानात नेहमीच्या इंधनात 25 टक्के जैवइंधन मिसळलं होतं आणि ते मोगली एरंडाच्या तेलापासून केलं होतं. त्यासाठी तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यातला ऑक्सिजन काढतात, तेव्हा कुठे खराखुरा हायड्रोकार्बन हाती येतो. ते काम डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेनं केलं, शेतकऱ्याच्या हाती फक्त बी असतं. माळरानात हे झाड जगतं, पण खत-पाण्यावाचून बी फारसं धरत नाही. देशभर अनेकांच्या लागवडी त्यातच फसल्या. शिवाय बी विषारी आहे. शेंगदाणा समजून मुलं खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात पोचतात. शाळा-अंगणवाडीच्या कुंपणाला तर हे झाड नकोच.

साध्या एरंडाची गोष्ट वेगळी. त्याच्या तेलापासून वंगण होतं, नायलॉन-11 सारखं प्लास्टिक होतं, म्हणून त्याला इंधनापेक्षा चांगला भाव मिळतो. पण पाणी साचलेलं त्याला सोसत नाही, आणि दमट हवेत बोंडं कुजतात. तुमची घाटावर जमीन असेल तर जरूर विचारा, महाडला नको.

कुंपणाला आधीपासून शेर असेल तर राहू द्या, फक्त छाटताना चष्मा आणि हातमोजे घाला. चीक डोळ्यात गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. उशीर झाला तर नजर जाऊ शकते.